एआय एजंटकडून ब्राउझरमधला कॅरम लिहून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांना जावास्क्रिप्ट जुजबी येते. ‘मोबाईलच्या ब्राउझरमध्ये दोघांना खेळता येईल असा कॅरम बनव’ असे त्यांनी एका एआय कोडिंग एजंटला सांगितले आणि काही मिनिटांत बोर्ड, सोंगट्या, स्ट्रायकर असे सगळे पडद्यावर आले. मात्र खेळताना तो कॅरम वाटत नाही, एक दुरुस्ती सांगितली की दुसरे काहीतरी बिघडते, आणि मागे सुधारलेली चूक चार बदलांनंतर परत येते. सूचना अधिक नेमकी कशी लिहावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते अडचण सूचनेच्या शब्दांत फारशी नाही. एजंट कोड लिहितो, तो चालवतो, ब्राउझर उघडून पडद्याचा फोटोही काढतो. पण खेळ बरोबर वाटतो की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. फोटोत एकोणीस सोंगट्या आणि स्ट्रायकर दिसला की त्याच्या लेखी काम झाले. तेव्हा ‘बरोबर’ म्हणजे काय हे त्याला मोजता येईल अशा रूपात लिहून देणे आणि जे मोजता येत नाही ते स्वतः बोटाने खेळून ठरवणे, ही दोन्ही कामे तुमच्याकडेच राहतात. पुढचे सगळे विवेचन याच दोन कामांबद्दल आहे.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घ्यावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेई कार्पथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ (कोड स्वतः न लिहिता एआयला सांगून लिहून घेणे) हा शब्द वापरला आणि त्याच सुमारास प्रोग्रॅमर पीटर लेव्हल्स यांचा एआयकडून लिहून घेतलेला विमान उडवण्याचा ब्राउझर गेम गाजला. पुढे लेव्हल्स यांनी अशा खेळांची स्पर्धाही घेतली. तिचा एक नियम असा होता की निदान ८० टक्के कोड एआयने लिहिलेला असावा. ते खेळ पाहून वाटते की वर्णन केले की खेळ मिळतो. पण विमान हवेत कसे वळायला हवे याबद्दल बहुतेक खेळाडूंची काही ठाम अपेक्षा नसते, त्यामुळे तिथे पुष्कळ खपून जाते. कॅरमचे तसे नाही. गणपतीच्या मांडवामागे किंवा सोसायटीच्या क्लबमध्ये ज्याने चार बोर्ड खेळले आहेत त्याचे बोट आधीच शिकलेले असते, आणि सोंगटी जरा चुकीची घसरली तरी ते त्याला पहिल्या फटक्यात जाणवते. तुम्ही निवडलेला खेळ दिसायला सोपा आणि करायला अवघड आहे, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

सर्वांत आधी मापे लिहून द्या. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळण्याचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस, पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर, सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम, तर स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम. हे आकडे दिले नाहीत तर एजंट पिक्सेलमध्ये अंदाजाने मापे धरतो, आणि ती कोडमध्ये वीस ठिकाणी विखुरली जातात. त्याला असे सांगा की भौतिकीचा, म्हणजे वेग, घर्षण आणि टकरी यांचा, सगळा हिशोब सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांतच व्हावा, सर्व मापे एकाच फाईलमध्ये असावीत, आणि पिक्सेलमध्ये रूपांतर फक्त चित्र काढताना व्हावे. या एका अटीमुळे पुढची निम्मी भांडणे टळतात, कारण लहान फोनवर आणि लॅपटॉपवर खेळ वेगळा वागण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते.

आता घर्षण. ‘तो कॅरम वाटत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. कोणत्याही एजंटने लिहिलेला पहिला कोड उघडून पाहा. त्यात प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर दर वेळी नवे चित्र रंगवताना, वेग ०.९८ ने गुणणारी एक ओळ जवळजवळ नक्की सापडेल. ही ओळ दोन प्रकारे चुकीची आहे. पहिला प्रकार असा की गुणाकाराने कमी होणारा वेग शून्यावर कधीच पोहोचत नाही, म्हणून सोंगट्या शेवटी गोगलगाईसारख्या सरकत राहतात. पावडर टाकलेल्या खऱ्या बोर्डावर सोंगटीचा वेग दर सेकंदाला ठरावीक आकड्याइतका घटतो आणि ती स्वच्छ थांबते. म्हणजे इथे वेगातून वजाबाकी करायला हवी, गुणाकार नव्हे. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. ब्राउझर चित्र किती वेळा रंगवतो हे पडद्यावर अवलंबून असते. काही फोन सेकंदाला ६० वेळा रंगवतात, काही १२० वेळा. ०.९८ चा गुणाकार सेकंदाला ६० वेळा झाला तर वेग सुमारे ३० टक्के उरतो, १२० वेळा झाला तर सुमारे ९ टक्के.

यात एक खाचखळगा असा आहे की एजंटला ‘खेळ वेगवान फोनवर दुप्पट वेगाने चालतो’ असे सांगितले की तो सरकण्याचे अंतर वेळेच्या हिशोबात आणतो, पण घर्षणाची ती ओळ तशीच ठेवतो. आधी निदान स्ट्रायकर दोन्ही फोनवर त्याच जागी जाऊन थांबत होता, फक्त लवकर पोहोचत होता. अर्धवट दुरुस्तीनंतर तो १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० वेळा रंगवणाऱ्या) फोनवर निम्म्याच अंतरावर थांबतो. तुम्हाला ‘एक दुरुस्ती सांगितली की दुसरे बिघडते’ असा जो अनुभव येतो आहे त्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. एजंटने सांगितलेले लक्षण घालवले, कारण तसेच राहिले.

यावर उपाय म्हणजे भौतिकी पडद्यापासून तोडणे. ब्राउझर चित्र केव्हाही रंगवो, हिशोब मात्र ठरावीक लांबीच्या पावलांनी, समजा सेकंदाला ४८० पावले, पुढे सरकला पाहिजे. गेल्या फ्रेमपासून जेवढा वेळ गेला तेवढी पावले टाकायची. खेळणारा मध्येच दुसऱ्या टॅबवर गेला तर ब्राउझर फ्रेम देणे थांबवतो आणि परत आल्यावर एकदम मोठा कालावधी हाती येतो, म्हणून एका फ्रेममध्ये किती पावले टाकायची यालाही मर्यादा घालायला सांगा. छोट्या पावलांचा आणखी एक फायदा आहे. जोरात मारलेल्या स्ट्रायकरचा वेग सेकंदाला सहा मीटर धरला तर ६० हर्ट्झवर तो एका फ्रेममध्ये दहा सेंटिमीटर उडी मारतो. स्ट्रायकर आणि सोंगटी यांच्या त्रिज्यांची बेरीज साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असल्याने तो वाटेतल्या सोंगटीला न लागता तिच्या आरपार जाऊ शकतो. ४८० पावलांत हीच उडी सव्वा सेंटिमीटरची होते आणि टक्कर सहसा चुकत नाही.

इथे एजंट एखादे तयार भौतिकी इंजिन सुचवेल, बहुतेक वेळा मॅटर जेएस. ते चांगले इंजिन आहे, पण ते बाजूने पाहिलेल्या, गुरुत्वाकर्षण खाली खेचणाऱ्या जगासाठी घडवलेले आहे. गुरुत्वाकर्षण शून्य केले की वरून पाहिलेल्या बोर्डाचे घर्षण त्यात उरत नाही, आणि जे हवेचे घर्षण उरते ते पुन्हा गुणाकाराच्याच जातीचे असते. वर्तुळे, चार सरळ भिंती आणि चार पॉकेट एवढ्यासाठी दोनशे-तीनशे ओळींचा स्वतंत्र कोड पुरतो आणि तो तुम्हाला वाचताही येतो. फेझरसारखी गेमची चौकट घ्यायची असेल तर आवृत्ती बजावून सांगा. फेझर २ आणि फेझर ३ यांची रचना बरीच वेगळी आहे, आणि इंटरनेटवर दोन्हींचे धडे असल्यामुळे एजंट कधी कधी एकाच फाईलमध्ये दोन्हींची सरमिसळ करतो. कॅरमसाठी मी कॅनव्हास, म्हणजे ब्राउझरमधली चित्र काढण्याची साधी सोयच घेईन.

मोजता येण्याजोगी कसोटी म्हणजे काय, हे आता उदाहरणाने सांगतो. ‘टक्कर खरी वाटू दे’ ही सूचना एजंटला काहीच देत नाही. त्याऐवजी असे लिहा: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीला समोरासमोर लागला आणि ऊर्जा वाया गेली नाही असे धरले, तर टकरीनंतर सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट आणि स्ट्रायकरचा वेग मूळच्या निम्मा असला पाहिजे, एका सोंगटीने दुसऱ्या तेवढ्याच वजनाच्या सोंगटीला समोरून मारले तर पहिली जागीच थांबली पाहिजे. एजंटने सगळ्यांचे वजन एकच धरले असेल तर पहिली कसोटी लगेच नापास होते. खेळताना याच चुकीमुळे स्ट्रायकर सोंगटीला लागून जागच्या जागी मेल्यासारखा थांबतो, आणि काय चुकते आहे हे शब्दांत सांगता येत नाही. घर्षणाची कसोटीही अशीच देता येते: भिंती काढून टाकल्या आणि सुरुवातीचा वेग दुप्पट केला तर स्ट्रायकर चौपट अंतर जाऊन थांबला पाहिजे. गुणाकाराचे घर्षण शिल्लक असेल तर अंतर फक्त दुप्पट होते आणि चोरी पकडली जाते. पॉकेटसाठी: सोंगटीचा मध्य पॉकेटच्या कडेच्या आत गेला तरच ती पडावी. एजंट बहुतेकदा दोन वर्तुळे एकमेकांना शिवली की सोंगटी पडली असे लिहितो. मग काठाजवळून जाणारी प्रत्येक सोंगटी आत ओढली जाते, आणि नवख्या खेळाडूला आपण फार चांगले खेळतो असा भ्रम होतो.

बोर्ड फोडतानाचा पहिला फटका वेगळा तपासावा लागतो. एकमेकींना चिकटून बसलेल्या एकोणीस सोंगट्यांमध्ये एकाच क्षणी अनेक टकरी होतात, आणि कोड त्या यादीतल्या क्रमाने एकेक करून सोडवतो. परिणामी अगदी मध्यावर सरळ मारलेला फटकाही दर वेळी एकाच बाजूला जास्त फुटतो. प्रत्येक पावलात टकरींची फेरी अनेकदा फिरवणे आणि फेरीगणिक क्रम उलटा करणे यामुळे हा कल बराच कमी होतो. पूर्ण सममिती मागू नका; खऱ्या बोर्डावरही सोंगट्या कधी तंतोतंत लावलेल्या नसतात.

भौतिकी जागेवर आली की नियमांकडे वळा, आणि दोन्ही एका फाईलमध्ये ठेवू देऊ नका. भौतिकीने फटका संपल्यावर फक्त घडलेल्या गोष्टींची यादी द्यावी: काळी पडली, मग राणी पडली, मग स्ट्रायकर गेला. नियमांच्या कोडने ही यादी आणि आधीची स्थिती घेऊन नवी स्थिती सांगावी, त्याला पडद्याचा, वेगाचा किंवा आवाजाचा गंधही नसावा. असे केले की नियम ब्राउझर न उघडता तपासता येतात. आणि नियम तुम्हीच लिहून द्या, कारण कॅरमचे नियम घरागणिक बदलतात आणि एजंट इंटरनेटवरच्या दहा प्रकारांची खिचडी करून देतो. राणी घेतल्यावर त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घेऊन ती कव्हर झाली पाहिजे, नाहीतर ती परत मध्यावर येते. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर काय? आपली सोंगटी आणि स्ट्रायकर एकाच फटक्यात गेले तर डाव राहतो की जातो? शेवटची सोंगटी घेतली आणि राणी अजून बोर्डावरच असेल तर? सोंगटी परत ठेवायची आहे पण मध्यावर जागाच नाही, तर ती कुठे ठेवायची? गेम २५ गुणांचा की आठ बोर्डांचा, आणि राणीचे तीन गुण २१ नंतर मोजायचे की नाहीत? यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकेका वाक्यात लिहा आणि एजंटला सांगा की प्रत्येक वाक्यासाठी आधी कसोटी लिही, ती नापास होते हे दाखव, मगच कोड लिही.

कसोट्या मंजूर केल्यावर त्यांच्या फाईलला हात लावायचा नाही, हेही बजावून ठेवा. दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही की काही एजंट कसोटीच सैल करतात आणि सगळे उत्तीर्ण झाल्याचे आनंदाने कळवतात. त्यात लबाडी नसते. ‘कसोट्या पास कर’ एवढेच लक्ष्य दिले तर तोही एक मार्ग असतोच.

मागची चूक परत येते त्याचे कारण एजंटच्या स्मरणात आहे. संभाषण लांबले की आधीचा भाग गाळला जातो किंवा त्याचा सारांश करून ठेवला जातो, आणि ‘घर्षण वजाबाकीने करायचे’ हा तुमचा परवाचा निर्णय त्या सारांशात असेलच असे नाही. म्हणून असे निर्णय प्रकल्पातल्याच एका सूचनांच्या फाईलमध्ये ठेवावेत. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय, कर्सर या सगळ्यांत अशी फाईल दर वेळी आपोआप वाचण्याची सोय आहे. ती छोटी ठेवा: मापे कुठे आहेत, पाऊल किती लांबीचे, भौतिकी आणि नियम वेगळे का ठेवले, कोणत्या फाईलला हात लावायचा नाही. शिवाय गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारे साधन, वापरा. प्रत्येक चालत्या टप्प्याची नोंद झाली पाहिजे. एखादी दुरुस्ती दोनदा सांगूनही जमली नाही तर तिसऱ्यांदा समजावत बसू नका. शेवटच्या चांगल्या टप्प्यावर परत जा, नवे संभाषण उघडा आणि आतापर्यंत कळलेले कारण पहिल्याच वाक्यात सांगा. फसलेल्या प्रयत्नांचा ढीग समोर असताना एजंट त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा जातो.

सूचना एका वेळी एकच द्या आणि ती निरीक्षणाच्या रूपात द्या. ‘स्ट्रायकर नीट चालत नाही’ असे न लिहिता ‘डाव्या टोकाला स्ट्रायकर ठेवून उजव्या वरच्या पॉकेटकडे पूर्ण जोराने मारला, भिंतीला लागून परत येण्याऐवजी तो भिंतीला चिकटून घसरत गेला’ असे लिहा. त्याहून चांगले म्हणजे खेळात एक छुपे बटण करून घ्या, जे शेवटच्या फटक्याआधीची सगळी स्थिती आणि फटक्याची दिशा-जोर मजकूर म्हणून कॉपी करील. तो मजकूर एजंटला दिला की त्याला तोच फटका जसाच्या तसा पुन्हा मारून पाहता येतो, आणि तीच पुढे नवी कसोटी होते. या बटणाला अर्धा तास लागतो आणि ते आठवडे वाचवते.

मोबाईलच्या बाबतीत मात्र कसोट्या फारशा उपयोगी पडत नाहीत. साधा अँड्रॉइड फोन हातात घेऊनच बसावे लागते. स्ट्रायकर मागे ओढताना पानच खाली सरकते किंवा ताजे होते, तेव्हा बोर्डावर ब्राउझरचे स्वतःचे स्पर्शवर्तन बंद करायला सांगा. आवाज येत नाही, कारण पहिल्या स्पर्शाआधी ब्राउझर आवाज सुरूच करू देत नाही. ‘खेळ सुरू करा’ या बटणावर तो चालू करायचा. चित्र पुसट दिसते, कारण कॅनव्हास पडद्याच्या खऱ्या घनतेनुसार मोठा केलेला नसतो. आणि बोट स्वतःच स्ट्रायकर झाकते, हे डेस्कटॉपवर माऊसने खेळून कधीच कळत नाही. नेम धरण्याची रेषा बोटापासून दूर, सोंगट्यांच्या बाजूला दिसली पाहिजे. जोर किती ओढल्यावर किती वाढावा याचे सूत्र मी तुम्हाला देणार नाही. ते आकडे पडद्यावरच्या सरकपट्ट्यांनी बदलता येतील असे करून घ्या आणि नेहमी कॅरम खेळणाऱ्या दोघांच्या हातात फोन द्या.

प्रसिद्ध करणे सोपे आहे. गिटहब पेजेसवर किंवा, झिप करून, इच डॉट आयओ या खेळांच्या साइटवर टाकता येते. घरी फाईलवर डबल-क्लिक करून कोरा पडदा दिसला तर घाबरू नका. मॉड्यूलमध्ये विभागलेला कोड ब्राउझर थेट फाईलवरून उघडत नाही, त्याला छोटा स्थानिक सर्व्हर लागतो. मात्र कोणत्याही सेवेची गुप्त किल्ली ब्राउझरमधल्या कोडमध्ये राहिली नाही ना, हे स्वतः तपासा, कारण तिथला सगळा कोड कोणालाही वाचता येतो. कॅरम हा खेळ कोणाच्या मालकीचा नाही, पण एखाद्या प्रसिद्ध ॲपचा बोर्ड, रंग आणि मांडणी ‘तस्सेच कर’ असे सांगू नका. अमेरिकेत २०१२ मध्ये टेट्रिसच्या खटल्यात न्यायालयाने खेळाचे नियम मोकळे ठेवले आणि त्याचे रूप जसेच्या तसे उचलणे मात्र बेकायदा ठरवले.

संगणकाविरुद्ध खेळण्याची सोय तुम्हाला हवी असेलच. भौतिकी वेगळी ठेवली असेल तर ती फार स्वस्तात होते: सध्याच्या स्थितीवरून काहीशे फटके पडद्याआड मारून पाहायचे, नियमांच्या कोडकडून त्यांना गुण द्यायचे, सर्वांत चांगला निवडायचा आणि त्याच्या दिशेत थोडी चूक मिसळायची. चूक जेवढी जास्त तेवढा प्रतिस्पर्धी सोपा. हे काम वेब वर्करमध्ये, म्हणजे पडद्याच्या कामापासून वेगळ्या चालणाऱ्या कोडमध्ये, करायला सांगा, नाहीतर संगणक विचार करत असताना पडदा गोठतो.

दोन फोनवरून दोघांनी खेळण्याचा प्रकार मात्र सगळ्यांत शेवटी ठेवा. तोच फटका दोन्ही फोनवर स्वतंत्रपणे चालवला तर निकाल तोच येईल असे गृहीत धरू नका. बेरीज-गुणाकार सगळीकडे सारखे येतात, पण साइन-कोसाइनच्या शेवटच्या अंकांत दोन ब्राउझरांमध्ये फरक पडू शकतो, आणि बोर्ड फुटताना तेवढा फरक राणीला वेगळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. फटका मारणाऱ्याचा फोन किंवा सर्व्हर यांपैकी एकाचाच हिशोब प्रमाण मानायचा आणि दुसऱ्याने सोंगट्या थांबल्यावर त्याच्याकडून अंतिम जागा घ्यायच्या.